चौदा बाय वीस

मंडळी, एक प्रयोग करून बघा. १४ इंच बाय २० इंच हा आकडा घेऊन सीताबर्डी, इतवारी किंवा धरमपेठेतल्या कुठल्याही फ्रेमच्या दुकानात जा आणि रेडीमेड फ्रेम मागा. भिंतीवर टांगलेल्या रिकाम्या चौकटी बघा. ८ बाय १० आहे, १२ बाय १८ आहे, १६ बाय २० आहे. १४ बाय २० बहुतेक नसणारच. मग दुकानदार तुमच्या हातातली गुंडाळी काउंटरवर उलगडतो आणि अगदी मदत करायच्या भावनेने म्हणतो, "भाऊ, हे ऑड साइज आहे, रेडीमेडमधे नाही भेटत. खालचं पांढरं कापून टाकतो ना, मस्त बसते."

आजचा लेख त्या "खालच्या पांढऱ्या"बद्दल आहे.

आधी त्या "ऑड साइज"चं बघू. एखादी जुनी फाइल उघडली नाही की आपण लगेच म्हणतो, फाइल करप्ट आहे. बऱ्याचदा फाइल ठणठणीत असते. ती ज्या फॉरमॅटमधे सेव्ह झाली तो वाचणारं सॉफ्टवेअर आपल्याकडे उरलेलं नसतं. चौदा बाय वीसचं नेमकं हेच झालंय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मराठी घरात चित्र यायचं ते बहुतेक याच मापात किंवा याच्या दुप्पट-निमपट मापात. ते तेव्हाचं स्टँडर्ड होतं. ऑड झाल्या त्या नंतरच्या फ्रेमा.

हे माप घरोघरी नेण्यात सगळ्यात मोठा हात राजा रविवर्म्याचा. म्हणजे त्याच्या कुंचल्याचा नाही, त्याच्या छापखान्याचा. त्रावणकोरचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८४ साली त्याला सुचवलं होतं की बाबा रे, तुझ्या चित्रांना इतकी मागणी आहे की दोन हातांनी पुरी व्हायची नाही, थोडी चित्रं युरोपात पाठवून छापून घे. दहा वर्षांनी, १८९४ साली, रविवर्मा आणि त्याचा धाकटा भाऊ राजा राजा वर्मा यांनी युरोपात पाठवण्याऐवजी यंत्रं आणि तंत्रज्ञच जर्मनीहून आणले आणि मुंबईत गिरगावात छापखाना टाकला. तिथून निघालेलं पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. पुढे मुंबईत प्लेग आला. १८९९ च्या सुमारास छापखाना लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी मळवलीला गेला. धंद्याचं गणित काही जमलं नाही, कर्ज वाढलं, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने तो तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशरला विकून टाकला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी काही काळ याच छापखान्यासाठी काम करत होते. १९७२ साली लागलेल्या आगीत छापखान्याचं मोठं नुकसान झालं.

(अर्थात रविवर्मा पहिला नव्हे. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसोबत १८७८ साली चित्रशाळा काढली होती, आणि तिचं रामपंचायतन रविवर्म्याच्या लक्ष्मीच्या आधीच देवघरात पोचलं होतं. पण चित्रशाळेवर एक वेगळा लेखच हवा.)

आपल्या नागपूरला मुंबईहून रेल्वे आली १८६७ साली. म्हणजे गिरगावात यंत्रं सुरू झाली तेव्हा मुंबईचा माल थेट नागपूर स्टेशनात उतरायला लागून सत्तावीस वर्षं झाली होती. गुंडाळी करून नेता येणारं, वजनाला हलकं आणि तैलचित्रासारखं दिसणारं चित्र. महालातल्या, इतवारीतल्या जुन्या वाड्यांत अजूनही दारावर, अगदी छताजवळ, पुढे झुकलेल्या तसबिरी दिसतात. झुकलेल्या का? तर घरातली माणसं जमिनीवर बसायची. बैठकीवरून वर बघितलं की देवाची नजर आपल्यावर पडली पाहिजे आणि काचेवर उजेड चमकायला नको. फ्लॅटमधे सोफ्यावर बसून बघायचं चित्र डोळ्यांच्या रेषेत, भिंतीला चिकटून लावतात. वाडे पडतायत, फ्लॅट होतायत, आणि त्या तसबिरी भाऊबंदांत वाटल्या जातायत. त्यातली एक तुमच्या वाट्याला आली की तुम्ही फ्रेमच्या दुकानात जाता. चक्र पूर्ण.

आता माप. ही चित्रं दगडावरून छापली जायची. बव्हेरियात झोल्नहोफेन नावाचं गाव आहे, तिथला चुनखडीचा दगड इतका बारीक कणाचा की त्याच्यावर तेलकट खडूने काढलेली रेघ जशीच्या तशी कागदावर उतरते. आलोइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास हे तंत्र शोधलं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही, एवढ्याच भांडवलावर. रंगीत चित्राला प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. गुलाबी गालाचा एक, पिवळ्या जरीचा एक, सावलीचा एक, असे कितीतरी, आणि कागद प्रत्येक दगडावरून नेमका त्याच जागी बसून गेला पाहिजे. केसभर सरकला तर देवीचे ओठ हनुवटीवर. शेवटी वरून वार्निश, कधीकधी कॅनव्हासचा पोत यावा म्हणून दाब. म्हणून याला ओलिओग्राफ म्हणायचे. ओलिअम म्हणजे तेल.

तेव्हा चित्राचं माप चित्रकार ठरवत नव्हता. दगड केवढा, यंत्राचं पाट केवढं आणि कागदाचा ताव केवढा, त्यावर ते ठरायचं. रविवर्मा प्रेसची मोठी चित्रं २० बाय २८ इंच. ताव मधोमध अर्धा केला की १४ बाय २०. तो पुन्हा अर्धा केला की १० बाय १४.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. गुणोत्तरं काढून बघा. २८ भागिले २० म्हणजे १.४. २० भागिले १४ म्हणजे १.४३. १४ भागिले १० पुन्हा १.४. आणि दोनाचं वर्गमूळ १.४१४! कागद अर्धा केला तरी आकार तोच राहावा अशी अट घातली की गणित एकच उत्तर देतं, लांबी रुंदीच्या वर्गमूळ दोन पट. लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १७८६ साली एका पत्रात हे लिहून ठेवलं होतं. त्यावर जर्मनीने १९२२ साली कागदाचं स्टँडर्ड बांधलं, आणि त्यातूनच आपल्या प्रिंटरमधला ए-फोर आला. भारताने ते १९५७ साली स्वीकारलं. त्याच स्टँडर्डमधे "ए"ची एक सख्खी बहीण आहे, "बी" मालिका. बी-थ्री कागद ३५३ बाय ५०० मिलिमीटर. आपला चौदा बाय वीस मिलिमीटरमधे मांडा: ३५६ बाय ५०८. बी-टू म्हणजे ५०० बाय ७०७, आणि रविवर्म्याचा मोठा ताव ५०८ बाय ७११. फरक नखाएवढा.

म्हणजे ज्याला आपला दुकानदार ऑड म्हणतो ते माप जगातल्या सगळ्यात सुसंगत कागदी स्टँडर्डच्या शेजारच्या खुर्चीत बसलेलं आहे, आणि तेही ते स्टँडर्ड जन्माला यायच्या पाव शतक आधीपासून.

(गंमत म्हणजे त्या नखाएवढ्या फरकानेही छळ होतोच. ऑनलाइन ५० बाय ७० सेंटिमीटरच्या छान युरोपीय धाटणीच्या फ्रेमा मिळतात. मोठा ताव त्यात घालायला जा, एका बाजूने ८ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूने ११ मिलिमीटर जास्त! इतकं कमी की कात्री हातात घ्यायचा मोह व्हावाच.)

मग दुकानात टांगलेल्या फ्रेमा कुठून आल्या? त्यांचा छापखान्याशी संबंधच नाही, त्या फोटोच्या घराण्यातल्या. १८३९ साली दागेरने फोटो काढायचं तंत्र जाहीर केलं तेव्हा त्याची पूर्ण प्लेट साडेसहा बाय साडेआठ इंच होती. पुढे काचेच्या प्लेटा आल्या, ८ बाय १० आलं, त्याची लांबी-रुंदी दुप्पट करून १६ बाय २० आलं. १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला. त्यासाठी ऑस्कर बार्नाकने सिनेमाची फिल्म आडवी घालून २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट धरली होती. त्यातून २:३ चं प्रमाण रुजलं, आणि १२ बाय १८, २० बाय ३० ही मापं आली. पुढे घराघरात देवांच्या चित्रांपेक्षा लग्नाचे, साखरपुड्याचे, आजोबांच्या हार घातलेल्या फोटोंचे नग जास्त झाले. फ्रेमवाल्याने माल कुठल्या मापात भरावा? अर्थातच फोटोच्या. दोन वेगवेगळे वारसे, दोघांनाही स्वतःचं तर्कशास्त्र, आणि मधे अडॅप्टर नाही. लेगसी सिस्टिमवर काम केलेल्या कुणालाही हे दुखणं ओळखीचं वाटेल.

उलट्या दिशेनेही हा प्रवास झालाय. ब्रिजबासी हे नाव तुम्ही देवांच्या चित्रांच्या कोपऱ्यात वाचलं असेल. मूळ मथुरेकडचे हे दोघे भाऊ १९२० च्या दशकात कराचीत तसबिरींना चौकटी करून द्यायचं दुकान चालवत होते. चौकटी करता करता त्यांच्या लक्षात आलं की गिऱ्हाइकाला चौकट नको असते, चित्र हवं असतं. मग त्यांनी नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांकडून चित्रं काढून घेऊन जर्मनीत छापून आणायला सुरुवात केली. चौकटवाला प्रकाशक झाला. आता ज्याचा जन्म चौकटीच्या दुकानात झाला, त्याला "ऑड साइज"चा प्रश्न पडत असेल का?

असो. मुद्द्यावर येतो, म्हणजे कात्रीवर.

१४ बाय २० चं चित्र १६ बाय २० च्या फ्रेममधे घालून बघा. रुंदीला दोन्हीकडे एकेक इंच मोकळा, उंचीला शून्य. फ्रेमच्या आतल्या खाचेचा ओठ चारी बाजूंनी साधारण पाव इंच झाकतो. म्हणजे खालची पट्टी एक तर लाकडाखाली जाते, नाहीतर "नीट बसावं" म्हणून कापली जाते. १२ बाय १८ मधे घालायचं तर दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच काढावे लागतात, मग खालची पट्टी पहिली बळी.

त्या पट्टीत काय असतं? चित्राचं नाव, कधी क्रमांक, हक्क राखीव असल्याची ओळ, आणि छापखान्याचं नाव-गाव. बारीक अक्षरात. गाव मुंबई असेल तर चित्र मळवलीला जायच्या आधीचं, म्हणजे १८९४ ते १८९९ च्या आसपासचं. कार्ला-लोणावळा असेल तर त्यानंतरचं. आणि रविवर्मा प्रेसचं नावच नसेल तर तिसरी शक्यता: त्याची लक्ष्मी-सरस्वती इतकी खपली की इतर छापखान्यांनी तिच्या सर्रास नकला काढल्या. देवीचा चेहरा बघून यातलं काही सांगता येत नाही, कारण तोच चेहरा पुढे कित्येक वर्षं छापला जात होता. ती अर्ध्या इंचाची पांढरी पट्टी म्हणजे त्या चित्राचा जन्माचा दाखला. लिलावात पूर्ण पट्टीसकट असलेलं चित्र कापलेल्यापेक्षा महाग जातं ते यामुळेच. पण पैशाचं सोडा. आमच्या नात्यात महालातून आलेली एक सरस्वती आहे, खालून साफ कापलेली. पणजीने आणली, आजीने पुजली, पण ती गिरगावची की मळवलीची की कुठल्या नकलेची, हे आता घरातल्या कुणालाच सांगता येणार नाही. कापणाऱ्याने काही वाईट केलं नाही. त्याच्यासाठी तो कोरा कागद होता.

नवीन डिजिटल प्रती छापणारे तर चित्रच कापतात. १४ बाय २० चं चित्र १२ बाय १८ मधे बसवायला उंची जुळवली की रुंदी बारा इंच सहा दशांश होते. सहा दशांश इंच कडेने जातं. आणि सरस्वतीच्या कडेला कोण असतं? मोर! किंवा मग चित्र ताणून बसवतात आणि वीणा लांब होते. पुढच्या वेळी हॉटेलच्या लॉबीत बघा.

आणखी एक माप आहे जे कुणीच मोजत नाही: जाडी. या चित्रांना घरच्या बायका सजवायच्या. देवीच्या साडीवर खरं कापड, काठाला जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी, सगळं सुईदोऱ्याने कागदावर शिवलेलं. दुपारच्या दुपार गेल्या असतील त्यात. आमच्या सरस्वतीचंही तसंच आहे. असं चित्र साध्या फ्रेममधे घातलं की काच मण्यांवर दाबते, कागद जिथे टोचलाय तिथे फाटायला लागतो. त्याला खोल चौकट लागते, काच आणि चित्र यांच्यात आतल्या कडेने एक पट्टी बसवून अंतर ठेवावं लागतं. छापलेल्या हजारो प्रतींतली ही एकच प्रत तशी आहे, कारण ती टिकली-टिकलीने कुणीतरी घरातच घडवली. माझ्या मते ही कारागिरी खालच्या छपाईपेक्षा मोलाची. काही लोक "मूळ चित्र दिसावं" म्हणून ती उसवतात. कृपया नको.

अंतर ठेवायचं दुसरं कारण खास नागपुरी आहे. कूलर! एप्रिल-मे मधे पारा पंचेचाळीसच्या वर, हवा कोरडी ठणठणीत, आणि आपण खिडकीला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावून खोलीत दिवसभर ओल सोडतो. रात्री बंद, दुपारी चालू. कागद ओल पिऊन पसरतो, सुकला की आकसतो. चारी कडांनी चिकटवलेल्या कागदाला पसरायला जागा नसते, मग तो मधे फुगतो, लाटा पडतात. वार्निश काचेला टेकलेलं असेल तर ओलीने काचेलाच चिकटतं, आणि मग फ्रेम बदलायला काच काढली की देवीचा गाल काचेवर निघून येतो. म्हणून कूलरच्या समोरची भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत या चित्रांना वर्ज्य. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीलाही ओल येते, तिथे मागे चार कोपऱ्यांना रबराची बुटकी बुचं लावली की हवा खेळती राहते.

आता उपाय. फ्रेमवाला कापायला का निघतो हे आधी समजून घ्या. फ्रेमची पट्टी साधारण दहा फुटी येते. हल्ली बहुतेक सिंथेटिक. लाकूडच हवं तर लकडगंजात सागवान आहेच, पण ते रंधून, खाच पाडून द्यायला सुतार शोधावा लागतो. समजा १८ बाय २४ ची फ्रेम हवी आणि पट्टी एक इंच रुंद. चार बाजू मिळून ८४ इंच, पंचेचाळीस अंशांत कापायच्या आठ टोकांचे आणखी ८, एकूण ९२ इंच, म्हणजे ७ फूट ८ इंच. उरलेल्या २८ इंचांचं तो काय करणार? म्हणून ते बिलात धरतो. रेडीमेड त्याला सोपी आणि तुम्हाला स्वस्त. त्याचं काही चुकत नाही.

पण १८ बाय २४ मी उगाच नाही धरली. १४ मधे ४ मिळवले की १८, आणि २० मधे ४ मिळवले की २४. चारी बाजूंनी बरोब्बर दोन इंच! आणि १८ बाय २४ हे पोस्टरचं माप आहे, रेडीमेड मिळतं. तसंच १० बाय १४ चं छोटं चित्र १२ बाय १६ मधे चारी बाजूंनी एकेक इंच सोडून बसतं. मोठा ताव २४ बाय ३६ मधे, बाजूंना दोन आणि वर-खाली चार इंच. म्हणजे चित्र कापून फ्रेमला जुळवायचं नाही, भोवती माउंटचा पुठ्ठा लावून फ्रेमपर्यंत जायचं. हाच तो अडॅप्टर.

दुकानात सांगताना तीन-चार गोष्टी कागदावर लिहूनच द्या, तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. माउंट अॅसिड-फ्री हवा. साधा पुठ्ठा काही वर्षांत कडेने तपकिरी पट्टा उमटवतो. खिडकी चित्रापेक्षा पाव इंच मोठी कापायची, म्हणजे पांढऱ्या पट्टीसकट चारी कडा दिसतात. फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही, पूर्ण चिकटवणं तर नाहीच. चित्र वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर, गव्हाच्या खळीने लटकवायचं. खळ अशी की ओलं करून सोडवता येते. खालची कडा मोकळी, कूलरच्या दिवसांत पसरायला. आणि मागे प्लायऐवजी जाड अॅसिड-फ्री पुठ्ठा. प्लायमधून आम्ल झिरपतं.

जुनी चौकट सडली असली तरी तिथेच टाकून येऊ नका. आधी मागची बाजू बघा. फ्रेमवाले पाठीला पूर्वी रद्दी लावायचे, आणि नागपुरात रद्दी म्हणजे १९११ पासूनचं "हितवाद" किंवा १९१४ पासूनचं ओगल्यांचं "महाराष्ट्र". त्यावरून चित्र छापलं केव्हा ते नाही, पण त्याला चौकट केव्हा घातली याचा अंदाज लागतो. आमच्या सरस्वतीच्या मागे "हितवाद"चं अर्धं पान निघालं. तारखेचा कोपरा वाळवीने खाल्लेला, पण जाहिराती शाबूत आहेत. ते पान आता प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून नव्या फ्रेमच्या पाठीला लावलंय, पुठ्ठ्याच्या बाहेरून.